अमूल्य आणि इनव्हॅल्युएबल : प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी उपसर्ग कसे शिकायचे

सराव परीक्षेच्या पेपरात 'इनव्हॅल्युएबल' या शब्दाचा समानार्थी शब्द विचारला होता. पर्यायांत 'वर्थलेस' होता आणि 'प्राइसलेस'ही होता. मी 'वर्थलेस'वर खूण केली. 'इन' म्हणजे नाही, 'व्हॅल्यू' म्हणजे किंमत, म्हणून ज्याला किंमत नाही ते, असा हिशेब दोन सेकंदांत केला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. उत्तर चुकलं. त्याच संध्याकाळी मी एका कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन लिहायला बसले होते. 'पाहुण्यांनी आपला अमूल्य वेळ दिला' असं लिहिलं आणि तिथेच थबकले. 'अ' आणि 'मूल्य'. 'इन' आणि 'व्हॅल्यू'. तुकड्याला तुकडा जुळत होता. 'अमूल्य' म्हणजे कवडीमोल असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ज्याची किंमत करताच येत नाही ते अमूल्य, हे न शिकवताच कळत होतं. मग इंग्रजीत तोच शब्द समोर आल्यावर ते शहाणपण कुठे गेलं?

त्याआधीचे दोन महिने मी तीन हजार शब्दांची यादी पाठ करत होते. यादी अकारविल्हे होती, त्यामुळे 'अबेट', मग 'ॲबडिकेट', मग 'अबरेशन', मग 'अबेट'सारखाच ऐकू येणारा पण वेगळ्या स्पेलिंगचा दुसरा शब्द, असे एकमेकांसारखे दिसणारे शब्द ओळीने येत. एक 'अबेट' म्हणजे ओसरणं, दुसरा म्हणजे गुन्ह्यात साथ देणं. दोन्ही एकाच दिवशी पाठ केल्यावर आठवड्याने कुठला कुठला ते सांगता येईना. 'सी'पर्यंत पोचेस्तोवर 'ए' पुसला जायचा. ती यादी मी त्या रात्री बंद केली. पुढे धाकट्या भावाला, मग शेजारच्या काही मुलांना आणि गेल्या वर्षी बहिणीच्या मुलीला प्रवेशपरीक्षेची इंग्रजी शिकवताना जी पद्धत हळूहळू घडत गेली ती इथे लिहिते आहे. मराठीत विचार करणाऱ्या मुलामुलींसाठीच ती आहे, कारण तिचं निम्मं भांडवल मराठी आहे.

आधी आपल्या घरचे उपसर्ग बाहेर काढा

एक कोरा कागद घ्या. शब्दकोश नको, मोबाइल नको. मधोमध 'हार' लिहा आणि त्याच्या आधी काय काय लागतं ते आठवून भोवती लिहीत जा. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार, अपहार. खाणं, हिंडणं, मारणं, नाश करणं, निवारण करणं, भेट देणं, लंपास करणं. या सगळ्यांच्या पोटात संस्कृतचा 'हृ' हा एकच धातू आहे, घेणं किंवा नेणं या अर्थाचा. धातू तोच राहिला, उपसर्गाने त्याला हाताला धरून सात दिशांना नेलं.

आता दुसऱ्या कागदावर मधोमध 'सेप्ट' लिहा. लॅटिनमध्ये 'कापेरे' म्हणजे घेणं, त्याचंच हे रूप. 'ॲक्सेप्ट' म्हणजे आपल्याकडे घेणं. 'एक्सेप्ट' म्हणजे बाहेर काढून ठेवलेलं, म्हणजे वगळून. 'इंटरसेप्ट' म्हणजे मधल्यामध्ये पकडणं. 'कन्सेप्ट' म्हणजे सगळं एकत्र घेऊन मनात बांधलेली कल्पना. 'डिसेप्टिव्ह' म्हणजे फसवा. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले की मुलांच्या चेहऱ्यावरची भीती कमी होते, हे मी दर वेळी पाहिलं आहे. शब्द नवे असले तरी ते घडवण्याची रीत ओळखीची असते.

ही रीत योगायोगाने सारखी नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं होतं आणि पुढच्या अभ्यासाने ते पक्कं झालं. इंग्रजीचे जड शब्द बहुतेक लॅटिन आणि ग्रीकमधून आले, मराठीचे जड शब्द संस्कृतातून. म्हणजे परीक्षेत जे शब्द आपल्याला सर्वांत परके वाटतात, त्यांचे उपसर्ग बऱ्याचदा आपल्या चुलत नात्यातले असतात.

पुरावा हवा असेल तर 'अ' पाहा. व्याकरणकार संस्कृतचे जे बावीस उपसर्ग मोजतात त्यांत हा नकाराचा 'अ' नाही, तो वेगळा धरतात. पण आपल्या कामासाठी तो पहिला. व्यंजनापुढे तो 'अ' राहतो : अज्ञान, अन्याय, अशक्य. स्वरापुढे तो 'अन्' होतो : अनादर, अनुचित, अनावश्यक. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत अगदी हाच नियम चालतो. 'एपथी' आणि 'एटिपिकल' यांत नुसता 'ए', कारण पुढे व्यंजन. 'अनार्की' आणि 'अनॉनिमस' यांत 'अन', कारण पुढे स्वर. 'अनॉनिमस'चं मराठी काय? अनामिक.

असेच आणखी : परिमिती आणि पेरिमीटर, दोन्हींत भोवतीचं माप. आंतरराष्ट्रीय आणि इंटरनॅशनल. दुर्दशेतला 'दुर्' आणि 'डिसफंक्शन'मधला 'डिस', ज्याचं स्पेलिंग डी-वाय-एस आहे. हे स्पेलिंग मुद्दाम सांगते, कारण डी-आय-एस वाला 'डिस' वेगळा. तो लॅटिन, दूर करणं, तोडणं, उलटवणं ही त्याची कामं. वाय वाला ग्रीक; बिघडलेलं, वाईट एवढंच तो सांगतो. ऐकायला दोन्ही एकच, म्हणून कानावर विसंबू नका, लिहून पाहा.

बेकायदा म्हणतो, अकायदा का म्हणत नाही?

'अन' लावायचा की 'इन', हा प्रश्न मुलांना फार छळतो. 'अनबिलिव्हेबल' चालतं, 'इनक्रेडिबल' चालतं, अर्थ जवळजवळ तोच. मग 'इनबिलिव्हेबल' का नाही? मी उत्तरादाखल विचारते, आपण 'बेकायदा' म्हणतो, 'अवैध' म्हणतो, पण 'अकायदा' आणि 'बेवैध' का म्हणत नाही? कायदा हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला, त्याच्याबरोबर फारसी 'बे' आला. वैध संस्कृत, त्याला संस्कृतचा 'अ'. घराणं पाहून उपसर्ग लागतो. गैरहजर, नापसंत, बदनाम एका घराण्यातले. अनुपस्थित, अप्रिय, दुर्लौकिक दुसऱ्या.

इंग्रजीतही तशीच दोन घराणी नांदतात. 'बिलीव्ह' हा इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द, त्याला घरचा 'अन'. 'क्रेड' लॅटिन, त्याला लॅटिन 'इन'. नियम शंभर टक्के चालत नाही. 'अनसर्टन', 'अनपॉप्युलर' असे लॅटिन वळणाचे शब्दही 'अन' घेतात, जसं आपण संस्कृत वळणाच्या सावधला 'बे' लावून 'बेसावध' म्हणतो. पण अडलेल्या वेळी घराणं आठवलं तर अंदाज बरोबर येण्याची शक्यता खूप वाढते.

जोडाक्षराचं गुपित

माझ्या मते मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त फायदा इथे आहे, आणि इथेच मी सर्वांत जास्त वेळ देते.

शाळेत व्यंजनसंधी शिकलेली आठवा. उत् + लेख = उल्लेख. उत् + चार = उच्चार. सत् + जन = सज्जन. पुढच्या व्यंजनाला पाहून मागचं व्यंजन आपला वेश बदलतं आणि दोघं मिळून जोडाक्षर होतं. लॅटिन उपसर्ग हेच करतात. 'ॲड' म्हणजे कडे, जवळ. त्याच्यापुढे 'लोकेट' आलं की डी जाऊन एल येतो आणि स्पेलिंगमध्ये दोन एल दिसतात : 'ॲलोकेट'. पुढे एफ आला तर दोन एफ : 'अफर्म'. पुढे एस आला तर दोन एस : 'असिमिलेट'. पुढे एन आला तर दोन एन : 'अनल', म्हणजे रद्द करणं. या 'अनल'मध्ये नकाराचा ग्रीक 'अन' आहे असं समजून फसलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन एन दिसले की 'ॲड' लपला असण्याची शंका घ्यायची.

नकाराचा 'इन'ही असाच बदलतो. 'लीगल'पुढे तो 'इल' होतो, 'रेग्युलर'पुढे 'इर', 'मॉर्टल'पुढे 'इम'. 'पॉसिबल'पुढेही 'इम' होतो, पण तिथे एम का? ओठ पाहा. 'संपत्ती' म्हणा, अनुस्वाराचा उच्चार म् होतो, कारण पुढच्या 'प'साठी ओठ मिटणारच आहेत. 'संताप' म्हणा, न् होतो. 'संगम' म्हणा, घशाजवळ जातो. आपण अनुस्वाराचा एकच टिंब देतो आणि तोंड आपोआप बदल करतं. लॅटिनने तो बदल स्पेलिंगमध्ये उतरवला. म्हणून 'कॉन', 'कॉम', 'कॉल', 'कॉर' आणि नुसता 'को' हे पाच उपसर्ग पाठ करायचे नाहीत. तो एकच आहे, 'एकत्र' या अर्थाचा, आपल्या 'सम्'चं काम करणारा. 'कम्पॅशन', 'कॉन्टेक्स्ट', 'कोलॅबोरेट', 'कोरोबोरेट', 'कोहेरंट' हे पाचही शब्द एका कार्डावर लिहा. 'कोरोबोरेट' म्हणजे दुजोरा देणं, आणि हा शब्द प्रवेशपरीक्षांच्या उताऱ्यांत खूप भेटतो.

यातून स्पेलिंगही सुटतं. 'अकॉमोडेट'मध्ये दोन सी आणि दोन एम असतात, एवढं वाक्य पाठ करून मी तीनदा विसरले होते. 'ॲड' + 'कॉम' + 'मोड' अशी फोड कळली आणि त्यानंतर चूक झाली नाही. 'ॲड'चा डी पुढच्या सीला पाहून सी झाला, म्हणून दोन सी. 'कॉम'चा एक एम आणि 'मोड'चा एक एम, म्हणून दोन एम.

कुठून सुरुवात करायची

'अन', 'री', नकाराचा 'इन' त्याच्या सगळ्या रूपांसह, आणि 'डिस'. पहिले तीन दिवस फक्त हे चार. शालेय वाचनातल्या इंग्रजीवरचा एक अमेरिकन अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला, त्यात उपसर्ग लागलेल्या शब्दांपैकी ५८ टक्के शब्द या चार उपसर्गांचे निघाले आणि वीस उपसर्गांत ९७ टक्के शब्द बसले. परीक्षेतल्या जड शब्दांत लॅटिन-ग्रीकचा वाटा जास्त असतो, त्यामुळे तिथे वीसवर भागणार नाही. मी साधारण चाळीस धरते. पण शंभर-दीडशे उपसर्गांचे तक्ते मिळतात त्यांच्या मागे लागू नका.

चौघांनंतर पुढचे जोडीने घ्या, विरुद्ध अर्थाच्या जोडीने. 'बेने' भलं आणि 'मॅल' वाईट : 'बेनेव्होलंट' हितचिंतक, 'मॅलेव्होलंट' वाईट चिंतणारा. 'हायपर' प्रमाणापेक्षा जास्त, 'हायपो' खाली किंवा कमी. 'सुपर' वर, 'सब' खाली. 'इंट्रो' आत, 'एक्स्ट्रो' बाहेर. 'इंटर' दोघांच्या मध्ये, 'इंट्रा' एकाच्याच आत. 'प्रो' बाजूने, 'अँटी' विरोधात. जोडी एकदम शिकली की एक आठवला तरी दुसरा मागून येतो.

'अँटी'पाशी थोडं थांबायला हवं. आय ने संपणारा 'अँटी' म्हणजे विरोधी. ई ने संपणारा 'अँटे' म्हणजे आधीचा; उच्चार बहुतेकदा सारखाच होतो. 'अँटेसिडंट' म्हणजे आधी घडून गेलेलं. आणि 'अँटिसिपेट', म्हणजे आधीच ओळखणं किंवा वाट पाहणं, हा शब्द आय ने लिहिला जात असला तरी मुळात 'आधी'वाल्या घरातला आहे. लॅटिनमध्ये 'आधी घेणं'. विरोधाशी त्याचा संबंध नाही. कार्डावर त्याच्या कोपऱ्यात मी लाल पेनाने 'आधी' एवढंच लिहिते.

जिथे उपसर्ग फसवतो

'इन' दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा 'आत' या अर्थाचा. 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं नव्हे, चटकन पेटणारं, ज्वाळेत शिरणारं. 'फ्लेमेबल'चाही अर्थ तोच. हे विचित्र वाटत असेल तर आपला 'वि' आठवा. विफल म्हणजे फळ न मिळालेलं, पण विख्यात म्हणजे ख्याती नसलेला नव्हे, फार ख्यातीचा. एकाच 'वि'ची दोन कामं आपण लहानपणापासून सांभाळतो.

'इनफेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. 'इनडिफरंट' म्हणजे वेगळा नसलेला नव्हे, ज्याला कशाचं काही वाटत नाही असा, उदासीन. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्ष. रस नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा नको. या चार-पाच शब्दांवर प्रश्न काढायला परीक्षकांना आवडतं, म्हणून ते वेगळ्या पानावर ठेवा.

मग ज्यांत उपसर्ग नाहीच ते. 'अंकल'मध्ये 'अन' नाही. 'युनिक'चं स्पेलिंगही यू-एन ने सुरू होतं, पण तिथे 'युनि' म्हणजे एक. 'रेडी'मध्ये 'री' नाही. मुलांना सांगितलं जातं की उपसर्ग काढून टाका आणि उरलेला शब्द अर्थपूर्ण आहे का पाहा. ही कसोटी सोप्या शब्दांना चालते, जड शब्दांना नाही. 'रेटिसंट'मधून 'रे' काढला तर उरलेलं इंग्रजीत कुठेच शब्द म्हणून भेटत नाही, तरी उपसर्ग खरा आहे. त्यापेक्षा विचारा, हीच शेपटी दुसऱ्या शब्दात दिसते का? 'रेटिसंट'ची मूळ शेपटी 'टॅसेरे', गप्प राहणं. 'टॅसिट' म्हणजे न बोलता समजलेलं आणि 'टॅसिटर्न' म्हणजे अबोल, तिथे ती भेटते. नात्यातला कुणी सापडला तर फोड खरी.

भाचीचं एक कार्ड

माझी भाची हुशार आहे आणि घाईची आहे. तिच्या कार्डांचा गठ्ठा तपासत होते. एका कार्डावर पुढे 'सर्कमस्पेक्ट', मागे एकच शब्द : सावध.

मी विचारलं, "अगं, मग 'अलर्ट' म्हणजे काय?"

"सावध," ती म्हणाली, आणि लगेच गप्प झाली.

"दोघं एकच असतील तर परीक्षेत दोन्ही पर्याय आले तर काय करशील? फोड कर."

तिने कार्डावर रेघ मारली. 'सर्कम', भोवती, 'सर्कल'मधला. 'स्पेक्ट', पाहणं, 'स्पेक्टेटर'मधला. "भोवती पाहणारा. म्हणजे मावशी, पाऊल टाकण्याआधी चहूबाजूंनी पाहून घेणारा. रात्री जागणारा पहारेकरी 'अलर्ट', आणि सही करण्याआधी कागद चार वेळा वाचणारा तो हा."

मी म्हटलं बरोबर. पण ती थांबली नाही. "भोवती म्हणजे परि. पाहणं म्हणजे?"

"ईक्ष्," मी म्हटलं. "निरीक्षण मधला."

"परि आणि ईक्षा. परीक्षा!"

हे मलाही तोवर सुचलेलं नव्हतं. परीक्षा म्हणजे सगळ्या बाजूंनी पाहणं. 'सर्कमस्पेक्ट'चे तुकडे तेच, अर्थ वेगळ्या अंगाने वाढलेला. मग आम्ही दोघी तासभर तेच करत बसलो. निरीक्षण आणि 'इन्स्पेक्ट'. समीक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा. अपेक्षा म्हणजे अप + ईक्षा. आणि 'एक्स्पेक्ट' म्हणजे 'एक्स' + 'स्पेक्ट', बाहेर वाट पाहत नजर लावणं, ज्यातला एस गळून गेला आहे. 'सस्पेक्ट'मध्ये 'सब' आहे, खालून पाहणं, म्हणून संशय. 'रेट्रोस्पेक्ट' म्हणजे मागे वळून पाहणं. आपल्याकडे त्याला सिंहावलोकन हा किती देखणा शब्द आहे. 'इंट्रोस्पेक्ट' म्हणजे आत पाहणं, आत्मपरीक्षण. त्या एका कार्डाने तिला आठ शब्द दिले आणि पुढे तिने ते कधीच चुकवले नाहीत.

त्यानंतर आमच्या कार्डाची रीत ठरली. पुढच्या बाजूला फक्त शब्द. मागे वरच्या ओळीत फोड आणि प्रत्येक तुकड्याचा मराठी अर्थ. खाली अर्थ, पण एका शब्दात नव्हे. 'कोण, कधी, कसा' हे सांगणाऱ्या एका मराठी वाक्यात. त्याखाली त्याच शेपटीचा एक नातलग. शेवटी स्वतः रचलेलं एक इंग्रजी वाक्य, ज्यात तो शब्द असलेली जागा रिकामी. स्वतः रचलेलं हे महत्त्वाचं. पुस्तकातून उतरवलेलं वाक्य महिन्याभरात परकं होतं. आजोबांच्या स्वभावावर तिने 'सर्कमस्पेक्ट'चं वाक्य केलं ते राहिलं.

दिवसाला दहा नवी कार्डं पुरेत. लिहायला अर्धा तास, मागची विचारून घ्यायला अर्धा तास. विचारून घेणं म्हणजे उलटून वाचणं नव्हे. आधी मागची बाजू तोंडाने सांगायची, मगच कार्ड उलटायचं. उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली मांडलेली डब्यांची पद्धत आम्ही वापरली. पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्यात. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही आणि न येणारे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

वाक्याशिवाय शब्द अर्धाच

'अमूल्य' मला कळलं ते वाक्यात. म्हणून शब्द कितीही फोडता आला तरी शेवटचा निकाल वाक्याने द्यायचा. परीक्षाही तिकडेच वळल्या आहेत. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या एसएटी या परीक्षेने शब्दांच्या जोड्या लावण्याचे प्रश्न २००५ मध्ये काढले, सुटी वाक्यं पूर्ण करण्याचे २०१६ मध्ये काढले, आणि आताच्या डिजिटल एसएटीत छोटा उतारा देऊन त्यात नेमका बसणारा शब्द विचारतात.

असा प्रश्न कसा सोडवायचा ते एका उदाहरणाने दाखवते. समजा इंग्रजी वाक्याचा आशय असा आहे : 'साध्या प्रश्नालाही तासभर उत्तर देणारे ते एरवी रिकामी जागा असलेले मंत्री त्या दिवशी मात्र दोनच शब्द बोलले.' पर्याय आहेत 'रेटिसंट', 'मॅग्नॅनिमस', 'लोक्वेशस', 'प्रीकोशस'. पर्याय हाताने झाका. आधी रिकाम्या जागेत मराठी शब्द भरा. वाचाळ, बोलका, काहीही चालेल. 'मात्र' या अर्थाचा शब्द पुढे आहे, म्हणजे दोनच शब्द बोलण्याच्या उलट काहीतरी हवं. मग हात काढा आणि फोडा. 'मॅग्न' मोठं, 'अनिमस' मन : मोठ्या मनाचा. 'प्री' आधी, पुढचा तुकडा पिकणं, शिजणं या अर्थाचा : वेळेआधी पिकलेला, म्हणजे वयाच्या मानाने फार पुढे गेलेलं मूल. 'रेटिसंट' अबोल, हा मुद्दाम ठेवलेला सापळा, वाक्याचा शेवट वाचून घाई करणाऱ्यासाठी. 'लोक्व' बोलणं, 'एलोक्वंट'मधला. तोच.

एखादा पर्याय अजिबात फोडता आला नाही तर तो चूक समजून लगेच खोडू नका. मुलं ओळखीचा शब्द निवडतात, तो ओळखीचा आहे एवढ्याच कारणाने. ओळखीचे तिन्ही वाक्यात बसत नसतील तर अनोळखी चौथा निवडायला धीर लागतो, आणि तो धीर सरावाच्या पेपरातच कमवावा लागतो. नुसता रंग कळला तरी पुष्कळ : 'मॅल', 'मिस', 'डिस' यांची छटा बहुतेक वाईट, 'बेने' आणि 'यू' यांची चांगली. ई-यू ने लिहिला जाणारा हा 'यू' म्हणजे आपला 'सु'. 'युफेमिझम' म्हणजे कडू गोष्ट गोड शब्दांत सांगणं.

सोबत रोज एक पान इंग्रजी वाचा, आवडेल ते. भेटलेल्या शब्दाखाली रेघ मारा, अंदाज समासात लिहा, शब्दकोश नंतर उघडा. अंदाज चुकला तर तोही खोडू नका, शेजारी बरोबर अर्थ लिहा. माझ्या जुन्या वहीत 'इनव्हॅल्युएबल'पुढे 'कवडीमोल' अजून तसंच आहे आणि त्याच्यापुढे, वेगळ्या शाईत, 'अमूल्य'.

शेवटच्या आठवड्यात नवं कार्ड करू नका. पहिल्या कप्प्यात जे उरलंय तेवढंच सकाळी आणि रात्री. भाचीच्या पहिल्या कप्प्यात परीक्षेच्या आदल्या दिवशी एकोणीस कार्डं होती. त्यांत 'इनजीनियस' आणि 'इनजेन्युअस' ही जोडी होती, कल्पक आणि निष्कपट, जिने तिला सहा वेळा चकवलं होतं. दोन्ही कार्डं तिने झोपण्याआधी एकावर एक ठेवून दाखवली, न उलटता अर्थ सांगितले, आणि दुसऱ्या कप्प्यात टाकली.